इंजिनातली शिट्टी

उलाहान-क्युओल,
२८ नोव्हेंबर १९९६

ती. येवदोकियाताईस,
धाकटा भाऊ स्पिरिदोन याचा शि. सा. न. वि. वि.

तू टपालाच्या गाडीबरोबर पाठवलेली पुडी पोचली. आत काय आहे असं आकुलिनाने विचारलं, तेव्हा दातदुखीचं औषध आहे असं ठोकून दिलं आणि त्या दिवशी गालाला हात लावून जेवलो. कानातलं यंत्र उजव्या कानात बरोबर बसतं. पण ताई, तू चुलीतल्या विस्तवाची शपथ घेतली आहेस, हे विसरू नकोस. ज्याला सगळं गाव ‘इंजिनाचा कान’ म्हणतं, त्याच्याच कानात यंत्र आहे हे फुटलं, तर मला तळ्याच्या बर्फाला भोक पाडून खाली माशांत राहायला जावं लागेल.

यंत्राचे सेल इकडे मिळत नाहीत, म्हणून मी ते फक्त गाडी ऐकायच्या वेळी चालू करतो. एरवी बंद. घरात कशाला लागतंय? तुझी भावजय काय बोलणार ते इतक्या वर्षांत पाठ झालंय.

पारा उणे पन्नासच्या खाली गेला. गाडीच्या पोटाखाली बराच वेळ स्टोव्ह पेटवून ठेवावा तेव्हा ती डोळे उघडते. मग कण्हते, खोकते. ते मी समजू शकतो, मीही सकाळी तसाच उठतो. चाकं टेकल्या जागी चपटी होतात आणि गावाबाहेर पडेपर्यंत गाडी लंगड्या घोड्यासारखी ठप ठप करते, तेही नेहमीचंच. पण यंदा नवीनच प्रकरण सुरू झालंय. शिट्टी! इंजिन सुरू करून खाली उतरलो आणि कान जवळ नेला, की बारीक, तीक्ष्ण, लांबलचक शिट्टी. आणि तीच गाडी शाळेच्या ऊबदार गॅरेजात नेली, टोपी-कोट काढून आरामात ऐकायला बसलो, की चिडीचूप. म्हणजे दुखणं थंडीचंच. मला पंख्याच्या पट्ट्याचा संशय आहे. यंत्र मात्र उत्तम हो. ते नसतं तर ही शिट्टी मला ऐकूच आली नसती.

तुझ्या डोळ्यांसाठी मोठ्या अक्षरात लिहितोय. आकुलिना नमस्कार सांगते आहे असं वाटतं. ओठ हलताना दिसले. माझ्यावरचा लोभ या थंडीत गोठू देऊ नकोस, हे मागणं.

तुझा,
स्पिरिदोन


याकुत्स्क,
१२ डिसेंबर १९९६

चि. स्पिरास अ. उ. आ.

जाड पेनाने लिहिते आहे. पानावर दहा ओळी मावतात, त्यामुळे रागवायला जागा कमी. फोन करावा तर टपाल कचेरीत उभा राहून तू नुसता हं-हं करतोस. भाऊ बहिरा, बहीण आंधळी. आईने दोन पोरं वाढवली, दोघांना जोडलं तर एक धड माणूस निघेल.

माझा डावा डोळा गेला ते तुला ठाऊकच आहे. उजव्याचं ऑपरेशन वीस फेब्रुवारीला ठरलं. डॉक्टरीण चांगली आहे, पण डोळा एकुलता एक, म्हणून तीही हात राखून बोलते. तू आदल्या दिवसापर्यंत ये. सोबतीला नको, इथे नर्सा आहेत. पण हा डोळा गेलाच, तर मी शेवटचं काय पाहिलं? दवाखान्याची हिरवी भिंत? ते मला नको. तुझं तोंड काही देखणं नाही, पण ते लहानपणी मीच धूत होते, तेव्हा त्यावर माझा हक्क आहे.

पट्टा बदल आणि ये. आकुलिनाला आशीर्वाद. शपथ पाळते आहे, तू माझा शब्द राख.

तुझी ताई,
येवदोकिया


उलाहान-क्युओल,
४ जानेवारी १९९७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून त्याच दिवशी पट्टा बदलला. शिट्टी कायम. मग पाण्याचा पंप उघडला, त्यातलं बेअरिंग नवं घातलं. शिट्टी कायम. गाडीवर आमच्या लग्नातली गोधडीही घातली. आकुलिना काहीतरी बोलली, ते बहुधा गोधडीबद्दलच असावं.

आता खरी बातमी. आपला शेजारी गावरील, त्याच्या गाडीलाही तेच दुखणं लागलं! त्याने मला ऐकायला बोलावलं, मी वाकलो आणि शिट्टी. तो म्हणाला, अरे देवा, मलाही ऐकू येतेय, इतके दिवस कशी आली नाही. मी म्हटलं, ऐकायला कान लागतो बाबा. मग शाळेच्या मास्तरांची गाडी, मग दूधवाल्याचा ट्रक. जिथे मी वाकेन तिथे शिट्टी. शेवटी मी दुकानासमोर जाहीर केलं, की यंदाची थंडी पट्ट्यांना मानवलेली नाही, सगळ्यांनी बदलून घ्या. लोकांनी मुकाट्याने घेतले. गावात माझी पत फार वाढली आहे. म्हातारी माणसंसुद्धा वाट देतात.

पण ताई, येण्याचं कसं जमवू? वाट तीन दिवसांची. घाटात गाडी बंद पडली, तर स्टेपनीचं टायर जाळायचं आणि कोणी येतं का बघत बसायचं, हे तुला मी सांगायला नको. गावरील आपली गाडी घेऊन जोडीने यायला तयार आहे, पण त्याचीही वाजतेच. दोन शिट्ट्या घेऊन घाट कसा चढू? मला मरणाची एवढी भीती नाही. मी रस्त्यात अडकलो आणि तू तिकडे दाराकडे बघत बसलीस, याची वाटते. शिट्टी गेली की त्याच दिवशी निघतो. नाही गेली तर मला माफ कर.

रागाच्या पोटातही थोडी माया शिल्लक ठेव.

तुझा नालायक,
स्पिरिदोन


उलाहान-क्युओल,
२० जानेवारी १९९७

ती. वन्संस,
आकुलिनाचा सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणजे आज का लिहिते ते ओळखा. तुमच्या भावाचं काही खरं नाही.

दिवस दिवस ते गाडीखाली असतात. पंप झाला, आता अख्खं इंजिन उतरवायचं म्हणतात. इंजिन उतरवलं तर वीस फेब्रुवारी कुठली गाठतात? तुमच्या ऑपरेशनचं नाव काढलं की जेवण अर्धवट टाकून उठतात, तरी हात पान्यालाच जातो.

आणि माझ्याशी बोलणं म्हणाल तर दोन हिवाळे झाले, मी स्वयंपाकघरातून काही विचारावं तर उत्तर नाही. आधी वाटलं रागावलेत. मग वाटलं, म्हातारपणी माझा कंटाळा आला. आता मीच बोलायचं सोडलं. इंजिनाचं बारीकसारीक सगळं ऐकतात, माझं तेवढं ऐकवत नाही. गाडी असते तर बरं झालं असतं, निदान जवळ येऊन कान लावला असता.

पण लिहायचं कारण वेगळंच. वन्सं, ते स्वतःच शिट्टी वाजवतात! परवा बाहेरून आले, टोपी काढून चहा प्यायले, पुन्हा जायला निघाले. दारात टोपी घातली, कान झाकले आणि शिट्टी सुरू. मला वाटलं किटली. किटली तर खाली उतरवलेली होती. तोंड मिटलेलं, नाक स्वच्छ, गाडी तिकडे शाळेच्या गॅरेजात. कुत्रं रडायला लागलं. ते मात्र, कोणाची तरी गाडी वाजतेय, असं म्हणत रस्त्याकडे धावले. मी तेव्हापासून रोज विस्तवाला लोणी आणि अलाजी घावनाचा पहिला घास घालते, की काही बाधा असेल तर जाऊ दे. तुम्ही शहरात आहात, डॉक्टरांना विचारा, माणसाच्या डोक्यातून शिट्टी येण्याचा काही रोग आहे का?

पत्र लिहिल्याचं त्यांना सांगू नका. तुमच्या डोळ्याला यश येवो. माया असावी.

तुमची,
आकुलिना


याकुत्स्क,
३० जानेवारी १९९७

चि. सौ. आकुलिनास अ. उ. आ.

तुझं पत्र भिंगाखाली दोनदा वाचलं आणि इतकी हसले, की शेजारीण विचारायला आली. घाबरू नकोस, बाधा नाही. काय आहे ते मी विस्तवाची शपथ घेतल्यामुळे सांगू शकत नाही. पण तो तुला कंटाळलेला नाही, हे शपथेबाहेर आहे, म्हणून सांगते. सोबतची चिठ्ठी त्याला दे. तो वाचेल तेव्हा समोर उभी राहा.

येवदोकिया

(सोबतची चिठ्ठी)

चि. स्पिरास आ.
टोपी काढून गाडी सुरू कर.
मग टोपी घालून बंद गाडीजवळ उभा राहा.
मग नीघ, मूर्खा.
ताई


दवाखाना, याकुत्स्क,
२१ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू पलंगावर झोपली आहेस, मी शेजारच्या स्टुलावर बसून लिहितो आहे. उद्या पट्टी सुटेल. काल तुला सगळं सांगायला गेलो तर नर्सने हसायचं नाही, डोळ्याला ताण पडतो, अशी तंबी दिली. म्हणून कागदावर.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा गावरील आणि मास्तर अंगणातच होते. उणे बावन्न. बाई माणसाला काय कळतंय इंजिनातलं, असं म्हणत मी टोपी काढली आणि किल्ली फिरवली. गाडी कण्हली, खोकली, चालू झाली. वाकून ऐकलं. शिट्टी नाही! मी आनंदाने टोपी घातली. शिट्टी! गाडी बंद केली. तरी शिट्टी! गावरीलने माझी टोपी उचलली, ठेवली, उचलली, ठेवली, पातेल्यावरचं झाकण असावं तशी. झाकण ठेवलं की वाजायचं. यंत्रावर काही दाबलं गेलं की ते केकाटतं, हे त्याच्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेलं असणार. तो कागद मी आकुलिनाच्या हाती लागू नये म्हणून चुलीत घातला होता.

त्या खेळात कानाची पाळी गारठली, अजून जांभळी आहे. मास्तर म्हणाले, गावातले सगळे पट्टे बदलले, राहिला तो एकटा स्पिरिदोन बदलायचा. दूधवाला आता मला लांबून हाक मारतो, की ट्रकजवळ येऊ नका काका, त्याला संसर्ग होईल. तळ्यात भोक पाडायला मी तयार होतो, पण लोक म्हणाले, नको, मासे पळतील.

आकुलिना हसली नाही. घरात आल्यावर तिने यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, माझ्या कानात परत घातलं, आणि चुलीकडे तोंड करून, पाठमोरीच, हळू आवाजात विचारलं, चहात दूध घालू का. मी म्हटलं, घाल. तिचा हात थांबला. ताई, मला तेव्हा जी लाज वाटली ती अंगणातली नव्हती. सेल संपले तर संपले, आता घरात यंत्र चालू ठेवतो. तिचं सगळं काही मला पाठ नव्हतं, असं दिसतंय.

गावरील आणि मी लगेच निघालो. घाटावरच्या झाडापाशी रस्त्याला अलाजी ठेवली, आणि बॉनेटवरही थोडं लोणी ठेवलं, निष्पाप गाडीवर आळ घेतल्याबद्दल. पण पलीकडे वादळाने वाट बुजली होती, दोन दिवस अडकलो. गाडी एकदाही कुरकुरली नाही. इथे पोचलो तेव्हा तुझ्या डोळ्यावर पट्टी बांधून झाली होती.

एवढीच गोष्ट तू मागितली होतीस. मी पट्टे बदलत बसलो.

तू मात्र आवाजावरून हात पुढे केलास, माझं डोकं खाली ओढलंस आणि लहानपणी हुंगायचीस तसं कानशील हुंगलंस. यंत्र केकाटलं. नर्स धावत आली, तिला वाटलं खोलीतलं काही उपकरण बिघडलं. आणि तू म्हणालीस, गाडी वर कशाला आणलीस रे.

हे पत्र तू स्वतः वाचत असशील तर चांगलंच आहे. नर्सबाई वाचून दाखवत असतील, तर नर्सबाई, इथे थांबा आणि मला हाक मारा. पुढचं मी तिला सांगेन. हळू हाक मारली तरी चालेल.

लोभ तुझाच, लायकी माझी नसली तरी.

स्पिरिदोन


याकुत्स्क,
२३ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. आकुलिनास अ. उ. आ.

बघ, साधा पेन आहे आणि पानावर किती ओळी मावल्या. स्पिराचं पत्र मी स्वतः वाचलं, भिंगाशिवाय. एवढाली अक्षरं काढायची काय गरज होती, असं त्याला सुनावलं. त्याने ऐकलं.

पट्टी सुटली तेव्हा आधी हिरवी भिंतच दिसली, आणि मला रडू आलं, की दिसतंय! मग भिंतीपुढे एक म्हातारा दिसला. टोपी हातात, एक कान जांभळा. क्षणभर वाटलं आपले वडीलच आलेत न्यायला, घाबरले. स्पिरा इतका म्हातारा कधी झाला गं? मला कोणी सांगितलंच नाही. मी दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, कान-बिन सगळं, आणि बघतच बसले. शिट्टी वाजायला लागली. सगळी खोली आमच्याकडे बघत होती. तो शरमून यंत्र बंद करायला गेला, तर मी त्याचा हात धरला. म्हटलं, वाजू दे.

तो मंगळवारी निघेल. दोन हिवाळ्यांचं तुझं बोलायचं राहिलंय, ते काढून ठेव. नवे सेल त्याच्याबरोबर भरपूर पाठवते आहे. मायेत कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घे.

तुझी,
येवदोकिया