इनॅडिक्वेट

सोमवार, ५ मार्च १९६२
कौन्सिलच्या मिस पेल येऊन गेल्या. नातीला माझ्याकडे द्या म्हणून अर्ज केलाय, त्यासाठी घर बघायला. माझी लेक एनिड जाऊन दोन महिने झाले. तिची लोर्ना सहा वर्षांची – अनाथगृहात, आणि सख्खी आजी इथे व्हिटबी बंदरात, कारखान्यात माशांना धुरी देत बसलीय.
दोनच खोल्या. मिस पेलनी पलंग दाबून पाहिला, खिडकी उघडून पाहिली.  चहा दोनदा घेतला.

शुक्रवार, ९ मार्च
पत्र आलं. 'सध्याची व्यवस्था इनॅडिक्वेट आहे.' पुढे बरंच काही. मी त्या शब्दापाशीच अडले. पत्र मिटून ठेवलं.

शनिवार, १० मार्च
शेजारच्या विल्फला विचारलं. रेल्वेच्या सिग्नलवर चाळीस वर्षं काढलीत, गाडी येईपर्यंत वाचतच बसायचा. पत्र दाखवलं नाही, लाज वाटली. नुसता शब्द सांगितला.
"अपुरं," म्हणाला. "हवं तेवढं नाही, असं."
"माणसाला म्हणतात?"
"कोळशाला म्हणतात, पगाराला म्हणतात. माणसाला म्हटलं तर शिवीच की. तुला कोण म्हणालं?"
"कुणी नाही."
कोळसा संपत आला तर आम्ही 'कमी' म्हणतो. यांना एवढा लांबलचक शब्द कशाला लागला?

सोमवार, १२ मार्च
खोल्या पावलांनी मोजल्या. मग आरशात पाहिलं. वय त्रेसष्ट. हाताचा माशाचा वास कुठल्याच साबणानं जात नाही. एनिडला तरी मी कुठे पुरे पडले? साधा खोकला आहे, साधा खोकला आहे, म्हणत राहिले.
बरोबरच लिहिलंय त्यांनी.
कौन्सिलला पत्र टाकलं – 'तुमचं म्हणणं खरं आहे. अर्ज मागे घेते.' घरी येऊन लोर्नासाठी विणत आणलेला स्वेटर उसवायला घेतला. एक बाही उसवली. पुढे हात चालेना.

मंगळवार, १३ मार्च
कामावर गेले. दिवसभर मासे धुरीला टांगले.

गुरुवार, १५ मार्च
मिस पेल धापा टाकत जिना चढून आल्या. हातात माझं पत्र.
"मिसेस हार्कर, हे काय लिहिलंत? सध्याची व्यवस्था म्हणजे पोर आत्ता राहते तिथली. वीस मुलींमागे एक बाई. म्हणून तर आमची घाई चाललीय. पुढची ओळ वाचलीत का?"
मान हलवली – नाही.
त्यांनीच वाचली. शनिवारी, १७ तारखेला, लोर्नाला घेऊन येतो, हरकत असल्यास कळवा.
"मग? हरकत आहे?"
"नाही," म्हणाले. "आणा तिला."