तीनशे सभासदांचं एकमत

१ नोव्हेंबर १९६४, रविवार.
पुण्याच्या सहकार शिबिरातून परत. मुख्य धडा : संस्थेची पंचवार्षिक योजना सेक्रेटरीने एकट्याने खोलीत बसून करायची नसते. सगळे सभासद जमवायचे, दहा-दहांची टोळकी करायची, प्रत्येकाला बोलतं करायचं. फार पटलं. डोणगावच्या आपल्या कापूस सोसायटीत हे मीच पहिल्यांदा करणार. येत्या रविवारी सभा.

२ नोव्हेंबर.
अडचण. योजना बुलढाण्याला सहकार खात्याच्या साहेबांकडे पाच तारखेला पोचली पाहिजे, सभा आठ तारखेला. दुपारी एकट्यानेच लिहून टाकली. नवी कचेरी, सेक्रेटरीला स्वतंत्र खोली. वर लिहिलं, ‘तीनशे सभासदांच्या सभेत एकमताने ठरले.’ खोटं नाही. सभा होणारच आहे. शिपाई कचरूला लिफाफा पोस्टात टाकायला दिला. त्याने वरचा कागद वाचला. म्हणाला, “साहेब, सभा तं अजून व्हायची हाय ना?” म्हटलं, तुला प्लॅनिंगमधलं कळत नाही.
 

८ नोव्हेंबर, संध्याकाळ.
शाळेच्या पटांगणात सभा. एकशे चाळीस आले. वाटलं होतं, माना डोलावतील, चहा पिऊन जातील. दहा-दहांची टोळकी करून बसवले. मग रुखमाबाई उठल्या. नवऱ्यामागे चार एकर एकटीने करतात. म्हणाल्या, “कापूस मोजाले दोन दोन दिवस गाडी रांगीत राह्यते. बापे गाडीखाली निजतात. आमी बायांनी कुठं निजावं? मले काट्यापाशी एक खोली पायजे. आतून कडी लागनारी.”
त्यानंतर सगळेच बोलायला लागले. चौदा टोळक्यांपैकी अकरांनी तीच खोली मागितली. कचेरी एकानेही नाही.
“लिहून घेतलं ना, भाऊ?” रुखमाबाईंनी विचारलं. हो म्हणालो. कागदावर मी तेवढा वेळ स्वतःची सही गिरवत होतो.

९ नोव्हेंबर.
ठरलं. उद्याच बुलढाणा. आराखडा बदलून आणायचा. सोपं आहे.

१० नोव्हेंबर.
एसटीला गर्दी होती, परत आलो. तशी फार नव्हती.

१४ नोव्हेंबर.
गेलो. साहेबांनी उठून हात मिळवला. म्हणाले, लोकांना विचारून केलेली जिल्ह्यातली ही एकच योजना. कचेरी मंजूर. इतक्या खूश माणसाचा विरस करणं बरं दिसलं नसतं. चहा घेतला. दोन बिस्किटं. 

२३ नोव्हेंबर.
किराणा दुकानाशी रुखमाबाई दिसल्या. मी मागच्या गल्लीत वळलो. बायको, कोकिळा, म्हणाली, हल्ली मीठ आणायला अर्धा तास का लागतो? म्हटलं, चालणं प्रकृतीला चांगलं. ती म्हणाली, मग मीठ तरी आणा.

२ डिसेंबर.
रांगेत काट्यापाशी एक बाई तापाने फणफणत होती. गाडीवरच पडून, वर लुगड्याचा आडोसा. मी घरून कांबळं पाठवलं. तेवढ्याने बरं वाटायला हवं होतं.

६ डिसेंबर, रविवार.
पुन्हा सभा. सगळं कबूल केलं. राजीनामा खिशात.  शिव्या ऐकायची तयारी केली होती, पण कुणी रागावलंच नाही.
रुखमाबाई म्हणाल्या, “आमाले मालूम होतं, भाऊ. कचरूनं त्याच दिवशी सांगतलं.”
विचारलं, मग सभेला आलात कशाला?
“इतक्या सालात कोनी इचारलंच नोतं. म्हून आलो.”
 राजीनामा कुणी मागितलाही नाही. लोक आपापली टोळकी करून बसले होते. खोलीसाठी कापसाच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, कोण आणेल, पत्रे कोण, माती कोण. मी या टोळक्यापासून त्या टोळक्यापर्यंत हिंडलो. कुणी सरकून जागा केली नाही. रागाने नव्हे. कामात होते.

२० डिसेंबर.
काट्यापाशी खोली उभी राहिली. पऱ्हाट्यांचा कूड, वरून लिंपण, बाभळीचं दार. आतून हसण्याचा आवाज येत होता. सेक्रेटरी या नात्याने पाहणी करावी म्हणून दार वाजवलं. रुखमाबाईंनी फटीतून पाहिलं.
“बाया हायेत आत. भायेरच थांबा, भाऊ.”
कडी लागल्याचं ऐकू आलं.
थांबलो. चांगली पंधरा मिनिटं थांबलो. मग लक्षात आलं, त्या परत दार उघडणार आहेत असं कुणी म्हटलंच नव्हतं.