आजीचा पगार

प्रिय आई,

मंगळवारी सकाळी आमची मालवाहू बोट पॅड्युका बंदराला लागली. चर्चमध्ये थोडं बसून मी थेट करसल्लागार बाईंकडे गेलो.

पगार दिला म्हणून सरकार मला धरेल, ही तुझी भीती खोटी निघाली. त्या म्हणाल्या, "बायको गेलेल्या मुलाने लेकरं सांभाळायला आईला पगार दिला, तर त्यात गुन्हा नाही, फक्त त्यावर कर भरायचा. तो पगार तिच्या पेन्शनसाठी मोजला जातो."

मी म्हणालो, "पण आई म्हणते, मी काय तुझी मोलकरीण आहे?"

त्या हसल्या. "माझी आईही तेच म्हणते."

धाकट्या टेसीचा खोकला थांबला का?

पगाराचं पाकीट तू याही वेळी मक्याच्या पावाखाली लपवून माझ्या पिशवीत परत घातलंस. त्यातले पैसे तुझ्या खात्यात जमा केले आणि करही भरून आलो. आता तू रीतसर नोकरीला आहेस. पुढच्या वेळी नुसता पाव दे.

देवाची सावली घरावर राहो.

तुझा,
डेलबर्ट