वाळवंटात पौषातच जायचं

अहो,

चहा थर्मासात आहे. आधी तो प्या, मग भरलेल्या बॅगा बघून भडका.

आज आपण जैसलमेरला निघतोय. लग्न झाल्यापासून तुमचं एकच, "मे महिन्यात जाऊ, रान मोकळं असतं." अहो, मे महिन्यात तिकडच्या वाळूत पापड भाजतील आणि तंबूत आपण! जायचं तर पौषातच. या महिन्यात लग्नाची पत्रिका येत न्हाई, म्हणजे तुमचं तेही निमित्त गेलं.

कांद्याची लागण कालच उरकली. सावडीला आलेल्या बायांना मी सांगितलंय, तुमच्या रानात लावायला आमी परत आल्यावर येतो. त्याच म्हणाल्या, "जा गं बाई, उंटावरचा फोटो आण." गाय भरत भाऊजी बघतील.

मी जुन्नरला कानटोप्या आणायला गेले. तिकडं रात्री लई गारठा असतो म्हणे. चारच्या यष्टीनं बॅगा घेऊन या, मी स्टँडवर थांबते.

न्हाई आलात, तर तुमच्या जागी आत्या, तुमच्याच मातोश्री, येणारेत. त्यांनी सकाळपासून लोकरीचे मोजे घातलेत, आणि तुमी येऊ नये म्हणून देवापुढं साखर ठेवलीये.

तेजू