राखाडी डबीतली काडतुसं

आई, तुझा पितळेचा गडवा आता जबलपूरला गेला आहे. गोष्ट सुरू करायच्या आधीच शेवट सांगून टाकला, कारण तुला तसंच लागायचं. कोणी काही सांगायला बसलं की तू सुपातली डाळ निवडता निवडता, वर न बघता विचारायचीस, शेवटी सगळे बरे आहेत ना ते आधी सांग. सगळे बरे आहेत. गडव्यालाही पोचा आलेला नाही. मीही बरी आहे असं म्हणायला हरकत नाही, पण त्याबद्दल जरा थांबून लिहिते.

तो गडवा तू आम्हाला दिलास तो दिवस मला स्पष्ट दिसतो. कॉलेजात मुलींनाही कवायत आणि रायफल शिकवायला लागले होते, आणि रविवारी सकाळी रेंजवरून सुटलो की आम्ही तिघी थेट महाल भागातल्या आपल्या घरी येत असू, तुझ्या स्वयंपाकघरात. एक मी. दुसरी उंच आणि मोठ्या आवाजाची, जिला तू तहसीलदारीण म्हणायचीस. तिसरी कमी बोलणारी, पोळी मोडताना आवाज होऊ नये म्हणून जपणारी. ती आता बँकेत आहे. त्या दिवशी कोणाचा नेम चांगला यावरून आमचं इतकं वाजलं की शेजारची काकू विहिरीवरून डोकावून गेली. तू पोळपाट बाजूला सरकवलास, मडक्याशेजारचा गडवा उचललास आणि आमच्या मध्ये ठक्कन ठेवलास. म्हणालीस, "थांबा वं. पुढच्या रविवारी जिचा नेम लागला तिनं हा न्यावा. पण वर्षानं परत आणायचा, अन् रिकामा नाही आणायचा. आपल्या घरचं पाणी भरून आणायचा." बंदुकीतलं तुला काही कळत नव्हतं. पण हरलेल्यांना निदान पाणी मिळावं, एवढं तू त्यात पाहिलंस.

ते आम्ही अजून पाळतो. आमची लग्नं झाली, मुलं झाली, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी जानेवारीतला एक रविवार आम्ही कामठी रस्त्यावरच्या जुन्या रेंजसाठी राखून ठेवतो. घरचे हसतात. आमचे हे तर दरवर्षी विचारतात, शत्रू कुठपर्यंत आला? स्वतःची बंदूक कोणाकडेच नाही. रेंजवरची तीच एक पॉइंट टू टू रायफल आळीपाळीने वापरायची, दहा-दहा गोळ्या झाडायच्या, बँकवालीने गुण मांडायचे आणि जिंकणारीने गडवा न्यायचा. गेली काही वर्षं तो माझ्याकडेच होता. मी तो चिंचेने घासते, तुझ्यासारखाच, आधी आतून आणि मग बाहेरून. तू गेल्यावर तुझ्या वापरातलं फारसं काही उरलं नाही. लुगडी वाटली गेली, भांडी भावाकडे गेली. गडवा उरला तो केवळ स्पर्धेतला म्हणून.

या वर्षी डिसेंबरातच तहसीलदारीणबाईंनी बातमी आणली. तिच्या यजमानांची बदली झाली, जबलपूरला. फेब्रुवारीत बिऱ्हाड हलणार. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण खोटं कशाला सांगू, त्यामागोमाग लगेच दुसरा विचार आला. या जानेवारीत ती जिंकली तर गडवा जबलपूरला जाणार. लोक जाताना दरवर्षी येऊ म्हणतात. मग मुलांच्या परीक्षा निघतात, पाहुणे येतात, कोणाची कंबर धरते, आणि एका वर्षी येणं चुकलं की पुढे चुकतच राहतं. ती मुद्दाम ठेवून घेईल असं नाही. नुसता राहून जाईल. म्हणून या वर्षी मला जिंकायचंच होतं. एवढी इच्छा धरून मी आजवर तिथे कधी गेले नव्हते, आणि ती इच्छा चांगली की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यातच तिने आमच्यासाठी भेट आणली. तिच्या भावाने कुठून कुठून खटपट करून, रीतसर परवानगीने, विलायती काडतुसं मिळवून रेंजच्या कपाटात ठेवली होती. पिवळी-लाल डबी, आत मोत्यांसारखी ओळीने बसलेली काडतुसं. निरोपाची स्पर्धा आहे, तर तिघींनीही हीच वापरायची, असं तिचं म्हणणं. एरवी आम्ही रेंजवर मिळतात ती देशी वापरतो, राखाडी डबीतली, जिच्यावरची छपाईसुद्धा पुसट असते. तुला सांगते, दिसायला ही सगळी सारखीच. बोटाच्या पेराएवढी, बुडाला बारीक काठ, आणि रायफलीचा ठोका त्या काठावर बसला की आतली दारू पेटते. पण एकातली गोळी जास्त वेगाने जाते, दुसऱ्यातली सावकाश, एकीला मेण जास्त, दुसरीला कमी. आणि एकाच मापाची असली तरी कागदावर ती सारखी लागत नाहीत.

मला राहवेना. मी आदल्या रविवारी एकटीच रेंजवर गेले, विलायती आणि राखाडी दोन्ही घेऊन बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तुझी डाळ शिजवते आहे.

वर्षाची तूर भरायच्या वेळी तू इतवारीतल्या तीन दुकानांतून मूठ-मूठ वानगी आणायचीस. एकच पातेलं. एकाच मापाचं पाणी, आपल्या विहिरीचं. शेगडी तीच. एक शिजली की पातेलं राखेने लख्ख घासून मग दुसरी. कोणती कुठली हे न सांगता आम्हाला वाढायचीस आणि बाबा वैतागून म्हणायचे, एका जेवणात तीन वेळा वरण कोण खातं? मग नेमकं ज्या डाळीला ते नाक मुरडायचे ती सगळ्यात महागाच्या दुकानातली निघायची, आणि ते लगेच सांगायचे की नीट शिजवलीच नसेल. तू शांतपणे म्हणायचीस, "डाळ वाईट नाही. आपल्या विहिरीच्या पाण्याले तिचं जमत नाही." महाग-स्वस्त हा तुझा प्रश्नच नव्हता. या पाण्यात कोणती शिजते, एवढंच.

तर मीही तसंच केलं. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, म्हणजे माझा हात मध्ये येणार नाही. आधी विलायती. पहिल्या दोन गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण नळीत आधीच्या काडतुसाचं मेण असतं. मग पाच. मग दोरीला चिंधी बांधून नळी आतून ओढून काढली, आणि नवीन कागदावर राखाडी. विलायतीच्या पाच गोळ्या तळहातभर पसरल्या. राखाडीच्या पाचही आठ आण्याच्या नाण्याखाली झाकतील अशा. माझा विश्वास बसला नाही, मी पुन्हा सगळं केलं. पुन्हा तेच. विलायती काडतूस वाईट नव्हतं, आई. दुसऱ्या एखाद्या रायफलीत ते सोन्यासारखं चाललं असतं. आपल्या पाण्याला जमत नव्हतं.

आता माझी अडचण बघ. गप्प राहणं इतकं सोपं होतं की तो चांगुलपणाच वाटला असता. तिने एवढ्या प्रेमाने आणलेली वस्तू, तिला तोंडावर कसं सांगायचं की तुझी भेट बिनकामाची आहे? मी म्हणू शकले असते, तुम्ही दोघी विलायती वापरा, मला बाई सवयीचीच बरी. ती हसली असती, मी जिंकले असते, गडवा माझ्या फळीवर राहिला असता, आणि वर मी तिचं मन राखलं असं स्वतःला सांगत बसले असते. दोन दिवस मी हे घोळवत होते. वाईट वागायला निमित्त मिळालं की माणूस ओळखतो तरी. तेच चांगुलपणाच्या रूपाने आलं की कसं ओळखायचं?

आणि मग मला विहिरीपलीकडची काकू आठवली. तिची डाळ माहेरची, पोत्याने यायची, आणि तिचं कौतुक सगळ्या आळीने ऐकायचं. ती डाळ कधी धड शिजत नसे. काकू सरपणाला बोल लावायची, भांड्याला लावायची, सुनेला तर रोजच लावायची. मी तुला म्हटलं होतं की तिला सांगत का नाहीस. तू म्हणालीस, "सांगून काय होते? माहेरची आहे, तिले राग येईल." आणि आपल्या वरणाची वाटी भरून, वर तूप घालून, माझ्या हाती दिलीस. "जा, देऊन ये. काही बोलू नको." आठवड्यात काकूने आपण तूर घ्यायचो तेच दुकान गाठलं, तिच्यामागून अर्ध्या आळीने गाठलं, आणि आपलं अर्धं पोतं भरायचं बाकी असतानाच ती डाळ संपली. बाबांनी तुला चांगलंच झापलं. बसा आता दुसरी चावत, म्हणाले. तू हसत होतीस. म्हणालीस, "चावू. तिच्या सुनेचं तर सुटलं."

म्हणून स्पर्धेच्या सकाळी मीही काही बोलले नाही. गडव्यातलं पाणी तिघींनी पिऊन झालं, कोवळं ऊन पाठीवर आलं, आणि तहसीलदारीण सरावाला पालथी झाली तेव्हा मी तिच्यापुढे राखाडी डबीतली सात काडतुसं ठेवली. म्हटलं, आधी ही, मग तुझी. तिने माझ्याकडे बघितलं. "तू मले बनवून राहिली का?" मी नाही अशी मान हलवली. तिने राखाडी झाडली, मी चिंधी ओढून दिली, मग तिने विलायती झाडली. दोन्ही कागद मातीत शेजारी शेजारी ठेवून तिने भोकांवरून बोट फिरवलं. रागावली तर कसं, असं मला वाटत होतं. मग तिने पिवळी-लाल डबी बंद केली आणि म्हणाली, "सांगितलं काहून वं? गप राहिली असती तर गडवा तुझाच होता."

"आईनं वाटी पाठवली असती," मी म्हटलं.

तिला वाटी माहीत होती. तुझ्या स्वयंपाकघरात ती माझ्याइतकीच जेवली आहे. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, तोही तिच्या हिशोबाने हळूच.

मग तिघींनी राखाडी काडतुसं वापरली. बँकवाली नेहमीसारखी तिसरी आली आणि स्वतःचेच गुण स्वतः मांडून समाधानी झाली. माझा नेम त्या दिवशी असा लागला की मीच चकित झाले. एकही गोळी काळ्या गोलाबाहेर नाही. ती शेवटी बसली. नऊ गोळ्यांपर्यंत ती माझ्या मागे होती, आणि शेवटची ऐन मधोमध लागली तरच ती एका गुणाने पुढे जाणार होती. तिने श्वास अर्धा सोडून धरला. रेंजच्या बांधावर एक कोतवाल पक्षी बसला होता, तोसुद्धा हलेना. आणि लागली. कागदाजवळ जाऊन बँकवालीने चष्मा वर करून, खाली करून, तीनदा पाहिलं आणि मोठा अन्याय करत असल्यासारखं हळू आवाजात सांगितलं, मधोमध.

विलायती काडतुसं वाया नाही गेली. घरून आणलेल्या दिवाळीच्या जुन्या पणत्या बांधाच्या पोटाशी मांडून आम्ही त्यांवर ती झाडली. बऱ्याच पणत्या वाचल्या. बँकवालीने मात्र तीन फोडल्या, आणि तिला जन्मात पहिल्यांदा इतकं मोठ्याने हसताना ऐकलं.

फेब्रुवारीत स्टेशनवर गेलो तेव्हा गडवा सामानात नव्हता, तिच्या मांडीवर होता, टॉवेलात गुंडाळलेला. तिथल्या घरी विहीर नाही, नळ आहे, असं ती म्हणाली, पण नर्मदा आहे. "नर्मदेचं भरून आणतो, पाहशील तू." तिचा आवाज अख्ख्या डब्याने ऐकला. मी हो म्हटलं. येईल की नाही, मला माहीत नाही. माझ्या फळीवर गडव्याचा गोल वळ उमटलेला आहे आणि तिथे मी अजून काही ठेवलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि पाठवता आलं असतं तरी तुला वाचता आलं नसतं. मामाची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. त्यात बाबांबद्दल काही तिरकं लिहिलेलं असलं की ती ओळ गाळून पुढे जायचे, आणि तू सुपातून वर न बघता विचारायचीस, "काय गाळलं वं?" कसं कळायचं तुला, देव जाणे. म्हणून आज एकही ओळ न गाळता लिहायचं ठरवलं होतं, तरी वर एक गाळलीच आहे. तिने शेवटच्या गोळीला श्वास धरला तेव्हा मीही धरला होता, आणि वाटी वगैरे सगळं विसरून, डोळे मिटून, देवाला म्हणत होते की हिची गोळी चुकू दे.