सुभेदाराचा डाव

३० ऑक्टोबर १९५६
आणि पोतं पडलं. मी त्याच्या खाली. मणभर धान. चैतूने ते उचलून बाजूला ठेवलं. चैतू म्हणजे आमच्या जंगलखात्याच्या नाक्यावरचा चौकीदार, वय साठ. म्हणाला, बाबू, पोत्यानंच तुमाले पाडलं. मी सांगितलं, डाव बरोबर होता. पोत्याला मनगट नसतं.

३१ ऑक्टोबर. रात्री
बाजाराच्या तंबूत तोच फौजी पिक्चर. सहावी वेळ. एक सुभेदार, डोंगरावरचा एक नाका, चाळीस शत्रू. मोजले तर सहाच. मेले की टोपी बदलून परत येतात. तंबूत कोणी तक्रार करत नाही. मलाही ते बरं वाटतं.
सुभेदाराच्या नाक्यातून त्याला विचारल्याशिवाय कोणी जात नाही. माझ्या नाक्यातून बांबूच्या गाड्या जातात. गाडीवाले झोपलेले असतात. बैल मला ओळखतात.
शेवटी शत्रूच्या सरदाराशी झुंज. सुभेदार त्याचं मनगट धरतो. लगेच सरदार जमिनीवर. मधे काहीच नाही. इतका वेग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. चैतू म्हणाला, तिथी फिलिम तुटली हाय, बाबू. त्याला सिनेमातलं कळत नाही.

१ नोव्हेंबर
आजपासून आपण मुंबई राज्यात. नाक्यावरचा आडवा बांबू जुनाच.
बायकोला, वच्छलाला, चुलीपासून उठवलं. शत्रू म्हणून उभी राहा म्हणालो. तिने हात पुढे केला. तीन बांगड्या फुटल्या. थोडं रक्त. ती म्हणाली, मी काई पोतं नोहो.
वेग कमी पडला असावा.

४ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज
वच्छलाला न्यायला तिचा भाऊ मुखरू आला. पैलवान आहे. तीन तालुक्यांत त्याला कोणी पाडलेलं नाही. आल्याबरोबर माझ्या पाया पडला. त्यांच्याकडे जावई म्हणजे देव. तिच्या हाताकडे त्याने दोनदा पाहिलं. दोन दिवसांत पाठवतो म्हणाला.

९ नोव्हेंबर
पाच दिवस झाले. माहेरी उशीर होतोच.
निश्चय. पहाटे पाचला उठणे. शंभर बैठका. विडी बंद. तंबू बंद.

१० नोव्हेंबर
साडेसातला उठलो. थंडी. अकरा बैठका. विडी बैठकांनंतर ओढली, म्हणून ती धरायची नाही. संध्याकाळी तंबू. अभ्यासासाठी गेलो.

१२ नोव्हेंबर
चैतूला तिच्या गावी पाठवलं होतं. परत आला. ती येत नाही म्हणते. काऊन, असं त्याने विचारलं, तर तिने नुसता हात दाखवला. मोकळा हात.
बांगड्या हव्या असतील.
रविवारी त्यांच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. कुस्त्या असतात. मुखरूला सगळ्या गावासमोर पाडायचं. ती त्याच संध्याकाळी गाडीत बसेल. चैतू म्हणाला, पैले तिले इचारून तं पाहा. मी म्हणालो, डावाआधी कोणी बोलत नाही.

१५ नोव्हेंबर
बांगड्या आणायच्या राहिल्या. पिक्चर दहावी वेळ. बैठका नाहीत. ताकद राखून ठेवतो आहे.

१८ नोव्हेंबर, रविवार. मंडई
धोतर खोचून आखाड्यात उतरलो. एक म्हातारा ओरडला, नाकेवाले बाबू, टोपी तं काढा. काढली. मुखरू आधी पाया पडला. मी मनगट धरलं.
मग थांबलो. पुढचं पिक्चरमध्ये नाही.
मुखरू हळूच म्हणाला, धरलं ना भाऊजी, आता? मी जोर लावला. त्याने मागे वळून पाहिलं. मग पडला. लोक ओरडले, जवाई जितला. मुखरू माती झटकत उठला. हसत नव्हता.
वच्छला बायकांत बसली होती. एका हातात नव्या हिरव्या बांगड्या. दुसरा हात पदराखाली. तिच्यासमोर उभा राहिलो. पाहिलंस ना, चल, म्हणालो. ती म्हणाली, पायलं. उठून मागच्या रांगेत जाऊन बसली.
दमली असेल. दोन दिवसांत येईल.

२० नोव्हेंबर
तंबू उठला. पत्रू ऑपरेटर सामान बांधत होता. तुटक्या फिल्मचे तुकडे तो बिस्किटाच्या डब्यात ठेवतो. मनगटाचा तुकडा मागितला. शोधून दिला. हातभर लांब.
नाक्यावर येऊन उन्हात धरला. चित्रं एकाखाली एक. सुभेदार मनगट धरून उभा आहे. काही करत नाही. सरदार मागे वळून जागा पाहतो. मग आपणच पडतो.
दोनदा पाहिला. चैतूने विचारलं, का दिसते बाबू? मी म्हणालो, ऊन फार आहे.
उद्या तिच्या गावी जाणे. तिला विचारणे. पहाटे पाचला उठणे.

२१ नोव्हेंबर
साडेसातला उठलो. दारात मुखरूची बैलगाडी. पाया पडला. वच्छलाची पेटी आणि पाण्याचा गुंड न्यायला आला होता. पेटी जड होती. एका बाजूने मी धरली. नाक्याचा बांबू मी वर केला.