कव्हर नव्हे, ब्लॉक वाच

३ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू की रडू कळेना. होडीसाठी जुनी मोटर घेतलीस, आणि म्हणे जवळजवळ नवी, पंधरा घोड्यांच्या ताकदीची! कलप लावलेल्या म्हाताऱ्यालाही तू पंचविशीतला म्हणशील. अगं, तीस वर्षं वर्कशॉपात मी याच मोटरी उघडतोय. वरचं कव्हर म्हणजे नुसती टोपी, कुणाचीही कुणाच्याही डोक्यावर बसते. नर्स ना तू? लेबल न वाचता इंजेक्शन टोचतेस का?

होडीला अडकवायच्या क्लॅम्पवर एक नंबर असतो, आत ब्लॉकवर, म्हणजे खुद्द इंजिनाच्या धडावर, दुसरा. दोन्हींवर कागद ठेवून पेन्सिल घास आणि छाप पाठव. तोवर चालवायची नाही.

लोभ आहेच, अक्कल वाढावी.
तुझा दादा

९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

छाप सोबत आहेत. नंबर जुळत नाहीत, आता नाच! वल्ही मारत खाडीपलीकडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बर्फ वितळतो, लसी फुकट जातात. एकतीस तारखेला आरोग्य खात्याचे साहेब पाहणीला येणार. होडी वेळेत पोचली नाही तर दवाखाना बंद, असं त्यांनी तोंडावर सांगितलंय. मग तिथल्या बायकांनी बाळंतपणाला कुठे जायचं?

मोटर पाण्याच्या पिंपात चालवून पाहिली. हो, पाहिलीच. मागून पाण्याची धार येत नाही आणि गियरचं तेल दुधाच्या चहासारखं झालंय. दोन वर्षांत इथे फिरकला नाहीस, निदान पत्रातून तरी उपयोगी पड.

लोभ असू दे, टोमणे आवर.
तुझी धाकटी

१४ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

नको म्हटलेलं आधी करायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. क्लॅम्प एकीचा, कव्हर दुसरीचं, आणि ब्लॉक आठ घोड्यांचा, माझ्या लग्नाआधीचा! फसवलं तुला चांगलंच. पण ब्लॉक दणकट आहे.

इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा रबरी पंखा झिजलाय. नवा पाठवतोय, बसवताना पाती सगळी एकाच दिशेला वळव. गियरच्या तेलात पाणी शिरलंय, खालचं सील बदल. खाडीतून परतलीस की पिंपातल्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं चालव. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं ते पन्नासाला एक भाग. तुझी वहिनी म्हणते, स्वतः जा. मला वेळ नाही.

लोभ तसाच, हट्ट कमी व्हावा.
तुझा दादा

१ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

होडी वीस मिनिटांत पोचली, साहेब भिजले, दवाखाना राहिला! आता ऐका, पंडित. ब्लॉक तुझ्या लग्नाआधीचा असं तूच लिहिलंस, आणि तेलाचं माप मात्र कव्हरवरच्या नव्या मोटरीचं सांगितलंस. इतक्या जुन्या इंजिनाला पंचविसाला एक, म्हणजे दुप्पट तेल लागतं, हे इथल्या पेट्रोल विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. मी त्याचं ऐकलं. टोपीला कोण भुललं, दादा?

लोभ आहे, मान मात्र घसरलाय.
तुझी धाकटी

६ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

वही काढून पाहिली. पंचविसाला एकच. माझं ऐकलं असतंस तर इंजिन खाडीच्या मधोमध जाम झालं असतं, आणि तू एकटी. चुकलो. हे लिहायला तीन कागद फाडले.

आणि वेळ नाही हेही खोटं. इतकी वर्षं मोटरी दुरुस्त केल्या, पण होडीत एकदाही बसलो नाही. मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते; आलो तर तू होडीत बसवशील, म्हणून आलो नाही. रविवारी येतोय. मला पलीकडे ने, तुझा दवाखाना बघायचाय. होडी हळू चालव, आणि मी तुझा हात धरला तर हसू नकोस.

तुझा दादा